गालातली ढलपी

आमच्या घरात लाकूड चाखायची रीत होती. आम्ही एरंडोलचे कातारी, म्हणजे खरादावर लाकूड फिरवून त्याच्या गोल वस्तू करणारे. लाटणी, ताक घुसळायच्या रव्या, पलंगाचे पाय, भोवरे, देव्हाऱ्याचे खांब, लहान मुलांची खेळणी. पलंगाच्या पायाला कोणी तोंड लावत नाही, त्यामुळे तो कशाचाही चालतो. पण जी वस्तू तोंडात जाणार, तिचं लाकूड ओळखीचं नसेल तर त्याची एक ढलपी आधी कातारी स्वतःच्या गालात ठेवायचा. तीन दिवस. जेवताना काढायची, झोपताना काढायची, बाकी सगळा वेळ गालात. जीभ चुरचुरली, जड झाली, मळमळलं, तर ते लाकूड तोंडाच्या कामाचं नाही. लेकराच्या तोंडात जे जाईल ते आधी कातऱ्याच्या तोंडात जाऊन आलं पाहिजे, असं आमचे आबा म्हणायचे.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी आयुष्यात विडी ओढली नाही, पान खाल्लं नाही, तंबाखूला हात लावला नाही. देवभोळेपणाने नव्हे. कातऱ्याची जीभ हे पटाशीसारखंच हत्यार आहे आणि हत्यार कोणी तंबाखूत बुडवून ठेवत नाही, एवढाच त्यांचा हिशेब. मी मात्र विसाव्या वर्षापासून चुना-तंबाखूची डबी खिशात बाळगून होतो. मला स्वतःचा राग येतो तो इथून सुरू होतो, म्हणून आधीच सांगून टाकतो.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं असतील. खरादाला मोटर बसवून दोनेक वर्षं झाली होती आणि माझ्या डोक्यात थोडी हवा गेली होती. आबा दोरीच्या खरादावर दिवसभरात जेवढं काम काढायचे तेवढं मी दुपारच्या चहापर्यंत उरकायचो. त्यांचे गुडघे गेले होते. ते ओट्यावर बसून माझ्या पटाश्यांना धार लावून द्यायचे आणि मी केलेली वस्तू हातात घेऊन अंगठ्याने चाचपायचे. बोलायचे कमी. मी बोलायचो जास्त.

माझी धाकटी बहीण रावेरला दिली होती. मेहुणा केळीच्या वखारीत कामाला. तिचं पहिलं लेकरू हाती लागलं नव्हतं, बाळंतपणातच गेलं. त्यानंतर चार वर्षांनी मुलगी झाली. घरात त्या पोरीचं नाव काढलं तरी आबांचा चेहरा बदलायचा. पोर सहा महिन्यांची होत आली तेव्हा उष्टावणाचा निरोप आला. बाळाला पहिला घास मामाने भरवायचा, हे तुम्हालाही ठाऊक असेल. आमच्यात त्या घासासोबत मामा एक चोखणीही देतो, स्वतःच्या हातची. दात येऊ लागले की पोरं जे दिसेल ते चावत सुटतात, तेव्हा हिरड्या शिवशिवल्या की चावायला ही लाकडाची वस्तू. दरवेळी ती हेदूच्या पिवळ्या लाकडाची, वर लाखेचा रंग, अशीच होत आली होती. हेदू आमच्या सात पिढ्यांनी चाखलेला, त्यामुळे त्याला कोणी जीभ लावत नसे.

पण मला हेदू नको होता. मला काहीतरी वेगळं करून दाखवायचं होतं, आणि माझ्याकडे ते होतं.

दिवाळीच्या सुमारास मेहुण्याच्या शेजारचा ट्रकवाला आमच्या दारात थांबला होता. तो रावेरहून केळी घेऊन उत्तरेला जायचा आणि येताना सफरचंदाच्या पेट्या आणायचा. त्या खेपेला धुळ्याच्या बाजारात माल टाकायला निघाला होता, वाटेत एरंडोल, म्हणून चहाला थांबला. गाडी उतारावर उभी होती आणि मागच्या चाकाखाली त्याने एक ओंडका सरकवला होता. चाकाने घासून त्याची एक बाजू सोलली गेली होती. मी सहज पाहिलं आणि चहाचा कप हातातच राहिला. आत तांबूस, कुंकवात हळद कालवली तर येतो तसा रंग. बाहेरच्या बाजूला दुधाच्या सायीसारखा पांढरा पट्टा. दोन रंग एकाच लाकडात, आणि मधली रेघ पेन्सिलीने ओढल्यासारखी स्वच्छ.

"काहे का है ये?" मी विचारलं.

"रखाल. हिमाचल का. तीन साल से गाडी में है, घिसताच नहीं," तो म्हणाला.

वरच्या थंड डोंगरात सुईसारख्या पानांचं हे झाड उगवतं म्हणे. कोणी त्याला थुनेरही म्हणतं. मी त्याला घरातला बाभळीचा मोठा ठोकळा दिला आणि तो ओंडका काढून घेतला. जाता जाता सहज विचारलं, लाकूड चांगलं आहे ना, त्रास वगैरे काही? तो हसला. "अरे, वहाँ के लोग तो इसकी छाल चाय में डालते हैं."

मला एवढंच ऐकायचं होतं. पुढे त्याला आणखी काही बोलायचं होतं की नाही, ते मी थांबून ऐकलं नाही.

तीन वर्षं उन्हातान्हात फिरून ते लाकूड हाडासारखं वाळलं होतं. पौषात मी त्याचा एक तुकडा खरादावर चढवला. इतक्या वर्षांत हाताखालून शेकडो लाकडं गेली, पण असं लाकूड नाही. पटाशी लावली की लांबच लांब फीत निघायची, तुटायची नाही. पॉलिशपेपर फिरवला की आरशागत चकाकी. मी चोखणी केली ती एका दांड्याची, दोन्ही टोकांना गोल बोंड, आणि मधल्या दांड्यावर दोन सुट्या कड्या. त्याच लाकडातून कातलेल्या, कुठेही जोड नाही. हलवलं की खुळखुळ वाजायच्या. बोंडं तांबडी आणि कड्यांना पांढरी किनार. लाख लावली असती तर हा रंग झाकला गेला असता, म्हणून लाखही लावली नाही. नुसतं उघडं लाकूड.

त्या दोन दिवसांत माझे डोळे चुरचुरत होते आणि डोकं ठणकत होतं. घसा खवखवत होता. भुसा नाकातोंडात गेला की असं होतंच, म्हणून मी तोंडावर फडकं बांधलं आणि काम चालू ठेवलं. देव माणसाला सांगायचं ते सांगतो, पण ऐकायला माणूस घरी लागतो.

चोखणी झाली. मी ती आबांच्या हातात दिली. त्यांनी ती फिरवून पाहिली, कड्या खुळखुळवल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला वाटलं, आता खरादाचं खातं माझ्या नावावर झालं. मग त्यांनी ती नाकाशी नेली.

"हाई कोनतं लाकूड शे?"

"पहाडातलं आहे. रखाल."

"तू जीभ लावी का?"

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी ती रीत आठवली. आधी आठवलीच नव्हती असंही नाही. आठवली होती, पण तीन दिवस ढलपी गालात ठेवायची म्हणजे तीन दिवस तंबाखू सोडायची. तंबाखूने बधिर झालेल्या जिभेला काय कळणार? आणि तंबाखू सोडली की माझं डोकं फिरायचं, हात थरथरायचे, पटाशी घसरायची. शिवाय लोक त्याची साल चहात टाकतात, मग चाखायचं काय राहिलं? असा सगळा वकिली युक्तिवाद मी मनात तयार ठेवला होता. तो सांगायची सुद्धा हिंमत झाली नाही. मी म्हणालो, "हो, आबा. लावली. तीन दिवस."

खोटं बोलावं पण रेटून, तसं बोललो. डोळ्याला डोळा देऊन.

आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग "बरं" म्हणाले आणि चोखणी मांडीवर ठेवली. थोड्या वेळाने ते खरादाखालच्या भुशात काठीने काहीतरी चाळवताना दिसले. मला वाटलं, पटाशी धरायला म्हणून चिंधी शोधत असतील.

रावेरला निघायच्या दिवशी सकाळी चोखणी त्यांनीच बांधून दिली. जुन्या धोतराचा मऊ तुकडा, त्यात चोखणी, वर सुतळीची गाठ. गाठ त्यांनी इतकी घट्ट मारली होती की मी हसलो. "आबा, ही काय बॉम्ब आहे का?" असं म्हणालोसुद्धा. त्यांनी गाठ आणखी एकदा ओढून पाहिली. गुडघ्यांमुळे त्यांना एसटीचा प्रवास झेपत नव्हता, म्हणून मी एकटाच गेलो. बायको त्यांच्यापाशी थांबली.

उष्टावण थाटात झालं. पोर गोरीगोमटी, गाल वर आलेले, खाली पुढचे दोन दात हिरडीतून डोकावायला लागलेले. मी तिला मांडीवर घेऊन खिरीचा पहिला घास भरवला. तिने तो चाखला, तोंड वाकडं केलं, मग आणखी मागायला तोंड उघडलं. सगळे हसले. मग मी गाठोडं बहिणीच्या हातात दिलं आणि म्हणालो, "सोड." तिने गाठ सोडवायला आत नेलं. मी बाहेर वाट पाहत बसलो. आता बाहेर येईल, सगळ्यांना दाखवेल, कड्या बिनजोडाच्या कशा केल्या म्हणून लोक विचारतील. छाती आधीच फुगवून ठेवली होती.

ती बाहेर आली ती रिकाम्या हातांनी. पोरीच्या हातात तिने बाजारातला प्लास्टिकचा खुळखुळा दिला. निळा, भडक, आठवडी बाजारातला.

"चोखणी कुठे?" मी विचारलं.

"ठेवी दिनी शे, भाऊ. मंग देसू," ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता पंगतीचं बघायला गेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं लाकूड, एवढी मेहनत, आणि भाचीच्या तोंडात प्लास्टिक! केळीच्या गावात दोन पैसे दिसायला लागले की माहेरची लाकडं हलकी वाटतात, असं मनात म्हणालो. मेहुण्याने मुक्कामाचा आग्रह केला, पण मी "काम पडलंय" म्हणून दुपारच्याच गाडीने निघालो. निघताना बहीण दारात आली. तिचे डोळे भरलेले होते. मला वाटलं, भाऊ रुसून चालला म्हणून. मी "येतो" एवढंही नीट बोललो नाही.

घरी आलो तर आबा गप्प होते. एरवी पोरीबद्दल शंभर प्रश्न विचारले असते. त्या दिवशी एकच विचारला. "चोखणी दिनी का पोरले?"

"नाही. ताईसाहेबांना प्लास्टिक आवडतं," मी फणकारलो.

त्यांनी मान हलवली. त्यांना हायसं वाटलेलं मला दिसलं होतं, पण रागात ते माझ्या लक्षात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, आबा नीट जेवत नाहीत. भाकरी अर्धी टाकतात, बोलताना जीभ अडखळते. तिने विचारलं तर म्हणाले, "जीभ कामवर शे." तिला वाटलं, म्हातारपणात काहीतरी बोलतात. मलाही तिने तसंच सांगितलं आणि मीही हसून सोडून दिलं. आज ते वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो. ते मला ओरडून सांगत नव्हते एवढंच. सांगत तर होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबा ओट्यावरून कोसळले.

मी खराद तसाच फिरता टाकून धावलो. ओकारी झाली होती, हातपाय बर्फासारखे गार, ओठ काळवंडलेले. आबा, आबा म्हणून हाका मारल्या तर डोळे उघडत होते आणि पुन्हा मिटत होते. शेजाऱ्याच्या टेंपोत घालून त्यांना जळगावला नेलं. बायको सोबत होती. रस्ताभर मी त्यांचं मनगट धरून बसलो होतो. नाडी हाताला लागायची, मग लागायचीच नाही, मग पुन्हा एक ठोका. माझ्या तोंडाला कोरड पडली होती आणि तशातही मी चिमूटभर तंबाखू मळून तोंडात टाकली. सवय म्हणजे काय असते ते बघा.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना आडवं केलं, छाती तपासली, डोळे बघितले. कवळी असेल तर काढायला हवी म्हणून त्यांनी आबांचं तोंड उघडलं आणि बोट घालून गाल बाजूला केला. मग चिमट्याने आतून काहीतरी बाहेर काढलं आणि दिव्याखाली धरलं.

बोटाच्या पेराएवढी ढलपी. एका बाजूला तांबूस, एका बाजूला पांढरी, आणि कडेला सालीचा काळपट तुकडा चिकटलेला. चोखून चोखून कडा मऊ झालेल्या.

"हे काय आहे? लाकूड?" डॉक्टर म्हणाले. "लाकूड कोणी तोंडात ठेवतं का?"

ढलपी माझ्याच ओंडक्याची होती.   आबांनी माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता. त्या दिवशी भुशात काठीने शोधत होते ते हे. मी "चाखलं" म्हणालो, त्यांनी "बरं" म्हटलं, आणि माझी जीभ जिथे असायला हवी होती तिथे त्यांनी आपली नेऊन ठेवली.

आणि त्याच क्षणी दुसरा विचार आला, आणि त्याने मी अक्षरशः किंचाळलो. चोखणी रावेरला होती.

"मंग देसू," बहीण म्हणाली होती. मंग म्हणजे कधी? काल? आज सकाळी? पोर सहा महिन्यांची. मोठ्या माणसाची ही गत, मग तिची काय होईल? मी दवाखान्याबाहेर धावलो. मेहुण्याच्या वखारीत फोन होता, तिथला ट्रंक कॉल लावायला सांगितला. तासभर उभा राहिलो, लागला नाही. बायको म्हणाली, "तुम्ही जा. मी आहे इथं." डॉक्टरांनी सलाईन लावलं होतं. ते म्हणाले, लाकडामुळेच झालं असं मी ठामपणे सांगणार नाही, हृदय म्हातारं आहे, पण हे लाकूड पुन्हा कोणाच्या तोंडात जाऊ देऊ नका.

रावेरची एसटी मिळाली. तिला त्या दिवशी प्रत्येक फाट्यावर थांबायची हौस आली होती. भुसावळला ड्रायव्हर चहाला उतरला तर मी त्याच्याशी भांडलो. त्याला काय सांगणार, की माझी भाची लाकूड चोखत असेल? लोक मला वेडा म्हणाले असते आणि ते चुकीचंही नव्हतं. खिडकीबाहेर केळीच्या बागा सुरू झाल्या. मी नवस बोलत होतो. पद्मालयाच्या गणपतीला पायी येईन, नारळ फोडीन, तंबाखू सोडीन. तंबाखू सोडीन असं म्हणताना ती तोंडातच होती. लक्षात आलं तेव्हा खिडकीतून थुंकली आणि डबीही फेकून दिली.

रावेरला उतरलो तर वखारीसमोर तोच ट्रक उभा होता. केळीचे घड चढवणं चाललं होतं. ट्रकवाला मला पाहून हसत पुढे आला. मी त्याची कॉलर धरली.

"तू म्हणालास लोक साल चहात टाकतात!"

"हां, डालते हैं," तो गोंधळून म्हणाला. "थोडी सी. लेकिन पत्ता नहीं खाने देते जानवर को. खच्चर मर जाता है. क्यों, क्या हुआ?"

"हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुमने पूछा कहाँ? तुम तो लकडी उठा के अंदर चले गये थे."

मी कॉलर सोडली. त्याचं काही चुकलं नव्हतं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, मी तर पुरता शब्दही ऐकून घेतला नव्हता. तिथून बहिणीच्या घरापर्यंत मी पळत गेलो. चाळिशीला टेकलेला माणूस भर बाजारातून धोतराचा सोगा धरून पळतो आहे, लोक वळून वळून बघत होते.

दार उघडंच होतं. पोर ओसरीवर गोधडीवर बसवलेली, मागे उशीचा टेकू. आणि तिच्या दोन्ही मुठीत धरलेलं, तोंडात घातलेलं, लाळेने चकचकणारं काहीतरी तांबडं होतं.

मी झडप घातली. तिच्या तोंडातून ते हिसकावलं आणि अंगणात भिरकावलं. तिच्या तोंडात बोट घालून हिरड्या पुसू लागलो. पोर आधी दचकली आणि मग तिने असा टाहो फोडला की शेजारचे लोक धावत आले. बहीण स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"भाऊ! येडा व्हयना का तू? गाजर शे ते!"

अंगणात कोंबडी त्या गाजराला टोच मारत होती. मी पाहत राहिलो आणि मग तिथेच ओसरीवर बसून रडलो. मोठ्याने, लाज सोडून. बहिणीने शेजाऱ्यांना घालवून दिलं, पोरीला कडेवर घेतलं आणि माझ्यासमोर येऊन बसली. आबा दवाखान्यात आहेत, गालात ढलपी सापडली, एवढं मी कसंबसं सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता ही विचारेल, कसली ढलपी, कशासाठी. तिने विचारलं नाही. ती उठली, आत गेली, लोखंडी पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि धोतराचं ते गाठोडं घेऊन ती बाहेर आली.

गाठ सोडून तिने चोखणी बाजूला केली. खाली वहीच्या कागदाची चिठ्ठी होती. आबांचं अक्षर, चौथी शिकलेलं, मोठं, वरची रेघ न दिलेलं. मीच आणली होती ती. एरंडोल ते रावेर, माझ्याच पिशवीत, माझ्याच मांडीवर.

चिठ्ठीत लिहिलं होतं, "बाई, भाऊ चाखलं म्हणतो. मी पण चाखतो. मी कळवीन तोवर पोरीच्या तोंडात देऊ नको. भाऊला बोलू नको. त्याच्या मनाला लागेल."

मी ती तीन-चार वेळा वाचली. दरवेळी शेवटच्या ओळीपाशी आलो की पुढे सरकता येईना. बहीण म्हणाली, "तू रुसी गया तवय माले लई वाटनं, सांगी देऊ. पन आबानी नको सांगं व्हतं." मी तिला प्लास्टिकवरून काय काय मनात बोललो होतो ते तिला माहीत नव्हतं. ते मी तिला अजूनही सांगितलेलं नाही.

आबा वाचले. दोन दिवसांनी नाडी जागेवर आली, चौथ्या दिवशी ते उशीला टेकून बसले. मी त्यांच्यापाशी होतो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पोर कशी शे?"

"चांगली आहे. गाजर खाते."

मग मी म्हणालो. किती तरी वर्षांनी आबांशी त्यांच्या बोलीत बोललो. शाळेत गेल्यापासून मला त्या बोलीची लाज वाटायची. "आबा, मी जीभ लावेल नव्हती."

"माले माहीत शे."

"मग बोलला का नाहीत? दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी चाललं असतं!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. मी किती बावळट प्रश्न विचारला आहे, एवढंच त्यांच्या नजरेत होतं. जड जिभेने, एकेक शब्द उचलत म्हणाले, "तुले मारीसन लाकूड कडू शे का गोड, हाई माले कसं समजतं?"

मग थांबून आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती मला पहिल्यापेक्षा जास्त लागली. जीभ त्यांची पहिल्याच दिवशी जड झाली होती. तेव्हाच थुंकून टाकता आलं असतं. पण आपली जीभ म्हातारी, तिचा काय भरवसा, आणि पोराने एवढं देखणं काम केलंय, ते एका दिवसाच्या चवीवर फेकायचं कसं, म्हणून त्यांनी पुरते तीन दिवस धरले. खोटं मी बोललो होतो, आणि न्याय मात्र ते माझ्या कामाला देत बसले होते.

चोखणी मी फोडली नाही. आबांनी फोडू दिली नाही. काम चांगलं आहे म्हणाले, लाकडाचा काय दोष. ती आमच्या दुकानात उंच खिळ्याला टांगली. गिऱ्हाईक विचारायचं, मी विकाऊ नाही म्हणायचो. उरलेल्या ओंडक्याचा देव्हाऱ्याचा एक खांब झाला.

आबांच्या जिभेची डावी बाजू मात्र परत आली नाही. वरणात मीठ आहे की नाही ते त्यांना कळायचं नाही, मग बायको विचारायची आणि ते "चांगलं शे" म्हणायचे.

पोरीला चोखणी द्यायची राहिलीच होती. फाल्गुनात मी हेदूचा एक तुकडा काढला. हेदूला जीभ लावायची गरज नव्हती, सात पिढ्यांचा हवाला होता. तरी मी ढलपी काढली आणि गालात ठेवली. तंबाखू सोडून महिना झाला होता. तीन दिवस आबा ओट्यावरून बघत होते, मी बघत होतो की ते बघतात. चौथ्या दिवशी सकाळी मी ढलपी काढली आणि म्हणालो, "आबा, थोडीशी तुरट. मागून काही नाही. जीभ जड होत नाही."

त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, चोखणीसाठी निवडलेला तुकडा मागताहेत. तो दिला तर त्यांनी मान हलवली. माझ्या हातातली ओली ढलपी त्यांनी घेतली, धोतराला पुसली, आणि स्वतःच्या उजव्या गालात ठेवली.

मी खराद बंद करून तीन दिवस पलंगाचे पाय घासत बसलो. चौथ्या दिवशी त्यांनी ती काढून ओट्याच्या कडेला ठेवली आणि म्हणाले, "कर आते."